निखळलेला खांदा

पालमच्या मुंजाजी वस्तादांच्या तालमीत नव्या पोराला लगेच डाव शिकवत नसत. आधी मोठ्या पैलवानांची अंगं रगडायची, मग लचकलेला पाय, निखळलेला खांदा बसवायला शिकायचं. किराणा दुकानदार भीमाशंकराचा शिवलिंग अंगानं रेड्यासारखा आणि रागानंही तसाच. त्याला हे पटेना.

"वस्ताद, मी पैलवान व्हायला आलोय. हाडं बसवायला न्हाई."

"दुसऱ्याचं दुखणं तुझ्या बोटांना कळू दे आधी," असं म्हणून वस्तादांनी आपलाच दुखरा गुडघा पुढं केला. शिवलिंगला हसू आलं. तो तेल घेऊन बसला.

दोन वर्षांनी पोखर्णीच्या जत्रेत त्याची कुस्ती पूर्णेच्या आश्रुबाशी लागली. आश्रुबा चपळ, पण तोंडाळ.

"तराजू सोडून इकडं काय करायलास रे?" सलामीलाच तो म्हणाला.

माणसं हसली. शिवलिंगचं डोकं सणकलं. त्यानं आश्रुबाला कमरेतून उचललं आणि आपटलं. पाठ लागली, पाठोपाठ किंकाळी उठली. आश्रुबाचा उजवा हात लुळा पडला होता.

हलगी कडाडली. लोकांनी शिवलिंगला खांद्यावर घेतलं, फेटा बांधायला गावचे पाटील पुढं आले. पण तो धडपडत खाली उतरला आणि आश्रुबाकडं धावला.

"हात लावू नको!" आश्रुबा भेदरून ओरडला.

"भिऊ नको. माझ्याकडं बघ. अंग सैल सोड." शिवलिंगचा आवाज इतका मऊ कधी कुणी ऐकला नव्हता. त्यानं आश्रुबाच्या काखेत टाच रोवली, हात हळूहळू ओढला. खट्‌कन खांदा बसला. आश्रुबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"चुकलं माझं. रागात जोर आवरला न्हाई," शिवलिंग म्हणाला.

"मला तरी तोंड कुठं आवरलं?"

गर्दीतून वस्ताद आले. शिवलिंगनं मान खाली घातली. वस्तादांनी आपलं उपरणं फाडून आश्रुबाचा हात गळ्यात बांधला. मग शिवलिंगच्या पाठीवरची माती ते तळव्यानं कितीतरी वेळ झाडत राहिले.

"पोरा," एवढंच म्हणाले.

आश्रुबाला त्यांनी आपल्याच बैलगाडीतून पालमला आणलं. खांदा बरा होईपर्यंत शिवलिंगच्या आईनं, शिवम्मानं, त्याला घरी ठेवून घेतलं. निघायच्या दिवशी तिनं दशम्या बांधून दिल्या. शिवलिंग त्याला वेशीपर्यंत सोडायला म्हणून गेला, आणि दिवस कलला तरी दोघं वेशीवरच बोलत बसले होते.