सुंदर अक्षरातला नियम

"बाबा, हे परिपत्रक दिल्लीचं निघालं. थांबा, परत टाकते," श्रुतिका मोबाइलवर बोट सरकवत म्हणाली.

धाकूकाका सुनेसमोर वही उघडून बसले होते. मालाडच्या त्यांच्या चाळीसमोर वर्षभर टॉवर उठत होता आणि बंद खिडकीतूनही सिमेंटची भुकटी देव्हाऱ्यापर्यंत पोचत होती. आत कॉटवर त्यांच्या पत्नी जानकीकाकू खोकत होत्या. तीस वर्षं गल्लीतल्या राममंदिरात त्यांनी एकादशीचं कीर्तन केलं होतं. मागे झांजेला काका. गेल्या दोन एकादश्या मात्र चुकल्या होत्या. धूळ थांबली तर गळा वाचेल, असं डॉक्टर म्हणाले होते. ती थांबवायची तर आधी नियम हातात हवा.

"मिळालं! महापालिकेचंच आहे. पण स्कॅन केलेलं, तेही आडवं. आणि सगळं इंग्रजी."

"तू मराठीत सांग गो, मी उतरवन घेतंय."

श्रुतिका मान वाकडी करून सांगू लागली. बांधकामाभोवती पत्र्याचं कुंपण, इमारतीला ओलं हिरवं कापड, माती उडू नये म्हणून पाणी मारणं. काकांचं पेन संथपणे चाललं होतं. जानकीकाकूंची सगळी आख्यानं त्यांनी अशीच ऐकून उतरवली होती.

"वरचा नंबर, तारीख?" श्रुतिकानं विचारलं.

"ती कित्या? आतला काय ता महत्त्वाचा."

देवाच्या गोष्टींच्या वह्यांत त्यांनी कधी तारीख घातली नव्हती. ध्रुवाला कसली तारीख!

दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात खिडकीमागच्या कारकून नंदकुमारांनी पान दोनदा वाचलं. "अक्षर झकास आहे, काका. पण हा नियम कशावरून? हे तर तुम्ही लिहिलंय."

"लिहिलंय मी, पण माझ्या मनातलं नाय."

"मग परिपत्रक क्रमांक कुठाय? तारीख? उद्या बिल्डरचा माणूस म्हणेल, म्हाताऱ्यानं घरी बसून कायदा केला."

रांगेत कुणीतरी हसलं. काकाही हसले, पण वही मिटताना त्यांचे कान गरम झाले होते.

"मूळ कागद आणा," नंदकुमार हळू आवाजात म्हणाले. "मी स्वतः तक्रारीला जोडतो."

संध्याकाळी पुन्हा शोध सुरू झाला. श्रुतिकानं ते पान साठवलंच नव्हतं. आधी दिल्ली आली, मग हैदराबाद, मग हवा शुद्ध करायच्या यंत्राची जाहिरात.

"वाट लागली! काल मी गेले कुठून होते?"

"पुरे गो. जेवा आधी," आतून जानकीकाकू म्हणाल्या आणि त्या तेवढ्या बोलण्यानंही त्यांना ढास लागली.

"आवाज जाता हा तुझो, आणि जेवा काय सांगतंस!"

"गेलो तर गेलो. तुमच्या झांजेक तरी विश्रांती."

 काकांनी उठून पाण्याचा पेला आत नेऊन दिला.

परत येईपर्यंत श्रुतिकाला वाट सापडली होती. परिपत्रकांची यादी, मग वर्ष, मग खातं. तोच आडवा कागद. या वेळी काकांनी आधी क्रमांक लिहिला, मग तारीख, आणि खाली दोन रेघा मारल्या.

"बाबा, मी उद्या प्रिंट आणते ना!"

"आण. पण ह्यापण असांदे."

नंदकुमारांनी शब्द पाळला. तक्रारीवर शिक्का बसला. दहाएक दिवसांनी टॉवरवर हिरवं कापड चढलं, सकाळ-दुपार पाण्याचा टँकर येऊ लागला, आणि श्रुतिकानं एका रविवारी खिडकी सताड उघडली.

पुढच्या एकादशीला मंदिर भरलं. जानकीकाकू पदर खोचून उभ्या राहिल्या. नमनाचा पहिला चरण छान लागला. दुसऱ्यावर श्वास संपला. पुजाऱ्यांनी मुकाट्यानं खुर्ची आणून ठेवली.

कीर्तनकारानं उभं राहायचं, हा रिवाज काकूंनी अंगात ताप असतानाही मोडला नव्हता. त्या क्षणभर खुर्चीकडे बघत राहिल्या. मग बसल्या.

"बसान सांगतंय आज," त्या लोकांना म्हणाल्या. "देव काय उंची मोजना नाय."

काका नेहमी मागे चटईवर बसून झांज वाजवत. ते उठले, खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले, आणि आरती होईपर्यंत उभ्यानंच साथ करत राहिले.