तीनदा दाबलेलं बटण

सकाळी अकराच्या आत माझ्या सासऱ्यांनी चार वेळा बॅग भरली आणि चार वेळा रिकामी केली. पाचव्यांदा मोजे शोधायला लागले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अहो, परवा जायचंय. आजच मोजे घालून बसता का?"

"घालून बघतो, भोकं आहेत का ते."

बाबांना दोष द्यायचा नाही. ते निवृत्त मोजणीदार. चाळीस वर्षांपूर्वी ज्या डोंगरावर दुर्बिणी आणि साखळ्या वाहून नेल्या, तिथल्या तळ्याकाठच्या खोलीत त्यांच्या तुकडीतले चौघे मित्र दर वर्षी तीन रात्री राहायला जातात. गेली चार वर्षं तिघेच जातात. बाबांचा श्वास झोपेत मधेच थांबतो, म्हणून डॉक्टरांनी नाकावर मास्क लावायचं एक छोटं यंत्र दिलंय. ते विजेवर चालतं, आणि त्या खोलीत वीज नाही. त्या तिघांतले लांबूकाका तिथून फोटो पाठवतात. बाबा तो फोटो दोन बोटांनी मोठा करत करत खिडकीखालच्या रिकाम्या जागेपर्यंत नेतात आणि मग फोन पालथा ठेवतात. त्यांचं अंथरूण तिथे असायचं.

आणि आता आमच्या बैठकीच्या खोलीत दोन पॉवर स्टेशन्स येऊन बसली होती. म्हणजे मोठ्या बॅटऱ्या, हातात धरून नेता येतील अशा. दोन्ही नावाजलेल्या कंपन्यांची, दुकानाने दिवसभर वापरून बघायला दिलेली. एक काळं, रुंद, पुढे मोठा पडदा असलेलं. दुसरं नारिंगी, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडंसंच मोठं.

सासूबाईंनी नाव ऐकलं तेव्हाच विचारलं होतं, "घरात पॉवर स्टेशन? मग धूर कुठून जाणार?"

आमच्या यांनी कॅलेंडरच्या मागे तक्ता आखला. वजन, क्षमता, किती वेळात भरतं, किती आवाज करतं. तक्ता सुरेख झाला, पण त्याच्याकडे पाहिलं कुणी नाही, कारण तोवर बाबांनी काळ्याला इस्त्री जोडली होती.

"तापली! तापली रे!"

मग मिक्सर. मग किटली. मग इस्त्री आणि किटली एकदम. पडद्यावरचे आकडे भराभर वर चढायचे आणि बाबा प्रत्येक आकडा मोठ्याने वाचायचे, जणू पुन्हा डोंगरावर उभे राहून उंची सांगताहेत. नारिंगीला किटली जोडली तर त्याने एक शिट्टी मारली आणि गप्प बसलं.

"बघितलंस? रुसलं," बाबा म्हणाले. "हे काळंच घ्यायचं. किंमत तर दोन्हींची सारखीच पडतेय. वर गेल्यावर चौघांचा चहा, लांबूचा फोन, त्याचा तो दिवा, सगळं याच्यावर. मी गेलो की उजेड झाला पाहिजे."

"बाबा, बारा किलो आहे. शेवटचा अर्धा तास चालायचंय," हे म्हणाले.

"मी दुर्बीण वाहिलीय."

"तेव्हा तुम्ही तीस वर्षांचे होतात," सासूबाई म्हणाल्या. बाबांनी ऐकलंच नाही असं केलं. मला मात्र कळत होतं ते काय म्हणताहेत. मास्क लावणारा आजारी माणूस म्हणून त्यांना तिथे जायचं नव्हतं. काहीतरी घेऊन आलेला माणूस म्हणून जायचं होतं.

ठरलं ते असं. दुपारची झोप बाबांनी काळ्यावर काढायची. साडेतीनला दुकानातल्या बाई येतील, त्यांना सांगायचं की हेच नवीन पाठवा. सव्वाचारच्या आत मागणी गेली तर उद्या मिळणार, नाहीतर परवाची बस चुकणार.

रोज दोन ते साडेचार माझं मौन असतं. अकरा वर्षं झाली. त्या वेळात मी लिहीतही नाही, नाहीतर ते मौन कसलं, नुसती तोंडाला विश्रांती. घरच्यांना त्याची सवय आहे. मी माळ घेऊन बाबांच्या खोलीत खुर्चीवर बसले, कारण घरात तीच एक खोली शांत होती. दोनला दहा कमी असताना बाबा मास्क लावून आडवे झाले. यंत्र काळ्याला जोडलेलं. त्याचा आवाज म्हणजे कुणी दूरवर भात पाखडत असावं तसा. थोड्या वेळात ते झोपले.

दोन वाजून वीस मिनिटांनी एक बारीक 'टक्' झालं. भात पाखडणं थांबलं. आधी घोरणं सुरू झालं, मग घोरणंही थांबलं, आणि त्या मधल्या क्षणात माझ्या हातातला मणी तिथेच राहिला. मी उठून काळ्याचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, यंत्र सुरू झालं, श्वास पुन्हा चालू झाला. वायरीला त्यांचा पाय लागला असेल असं मी मनाशी म्हटलं.

दोन पन्नासला पुन्हा 'टक्'. पाय चांगले हातभर लांब होते.

तीन वीसला मी आधीच बटणावर बोट ठेवून उभी होते. माळ राहिली होती खुर्चीवर. झालं ते अगदी घड्याळाप्रमाणे.

बाबा उठले ते नुसते उमललेले. "काय झोप लागली म्हणून सांगू! एकदा म्हणून बंद पडलं नाही!"

मी मान हलवली. हात हलवले. काळ्याकडे बोट दाखवून दोन्ही तळवे आडवे केले.

"जड आहे म्हणतेय," हे म्हणाले. "मी सकाळपासून तेच सांगतोय."

"छे, चहा टाकते म्हणतेय," सासूबाई म्हणाल्या. "टाक गं, सगळ्यांचाच टाक."

तेवढ्यात दारावर बेल. दुकानातल्या बाई, निळं जॅकेट, हातात फोन, बाहेर गाडी उभी. "काय ठरलं काका? मला चारला निघायचंय हं, आणखी दोन घरं आहेत."

"काळं! एकदम पक्कं!"

मी मनात हिशोब केला. मघाशी श्वासाचा प्रश्न होता तेव्हा तोंडाची गरज पडली नाही, बोट पुरलं. आता बोलले तर अकरा वर्षं गेली. नाही बोलले तर परवा रात्री त्या डोंगरावर 'टक्' होईल आणि बटणाशी कुणी नसेल. मी ठरवलं की अर्धा तास थांबायचं. तेवढ्यात काळं स्वतःच बोललं तर बरं, नाही तर मी बोलेन. देव समजून घेईल, त्याला काही तोंडाचं वावडं नाही.

मी बाबांचं यंत्र काळ्यासकट उचलून बैठकीच्या खोलीत आणलं. बारा किलो म्हणजे काय ते तेव्हा कळलं. दोन्ही बंद करून पुन्हा सुरू केली, टेबलावर ठेवली आणि चहाला गेले.

असा चहा मी जन्मात केला नाही. गॅस जेमतेम दिसेल इतका बारीक. आलं सोललं, धुतलं, पुन्हा धुतलं. साखर कुठल्या डब्यात आहे हे मला डोळे मिटून ठाऊक आहे, तरी मी पाच डबे उघडले. हे लबाडीत मोडतं, त्याची क्षमा मी दुसऱ्या दिवशी मागितली.

बाहेरून सासूबाईंचा आवाज, "आमची सून हळूबाई आहे, पण चहा असा करते की बस." बाईंचा आवाज, "नको हो, उशीर होतोय." आणि बाबांचा, "अहो थांबा, तुम्हाला इस्त्री दाखवतो!"

"काका, आम्हीच विकतो ते."

चार वाजून दोन मिनिटांनी मी कप घेऊन बाहेर आले. बाई उभ्या राहिल्या, फोनवर बोट, मागणी भरलेली, फक्त पाठवायची. मी कप त्यांच्या त्याच हातात दिला.

टक्.

भात पाखडणं थांबलं.

"कुणी बंद केलं?" बाबा म्हणाले.

"कुणी नाही," हे म्हणाले. "आपण सगळे इथेच बसलोय."

बाईंनी वाकून पडदा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अहो, वीज फार थोडी ओढली जात असली ना, की हे समजतं कुणी वापरतच नाहीये. अर्ध्या तासाने आपलं आपण बंद होतं. इस्त्रीला नाही होणार. पण तुमचं यंत्र म्हणजे त्याच्यासाठी अगदीच चिमणी. फोनमधून ती सेटिंग बदलता येते तशी."

"पण दुपारी दोन तास चाललं की!"

मी पुढे झाले आणि बटण दाबलं. मग बाबांकडे बघून तीन बोटं वर केली.

बाबांनी माझी बोटं मोजली.

"तीनदा?"

मी मान डोलावली.

"म्हणजे आम्ही सकाळभर त्याला इस्त्री दाखवत बसलो," हे म्हणाले, "आणि ज्याच्यासाठी आणलं ते चालतंय का, हे जागेपणी बघायचं राहिलं."

"फोनमधली सेटिंग नको," बाबा म्हणाले. "मला बॅगेत मोजे सापडत नाहीत, फोनात हे कुठे सापडायचं. ती रुसूबाई आणा इकडे."

नारिंगीच्या बाजूला, गाडीत चार्जर लावायला असतं तसं एक गोल भोक होतं. बाईंनी त्यांच्या पिशवीतून तिथे बसणारी वायर काढली. ती लावली की यंत्र थेट बॅटरीवर चालतं, मधला खटाटोप नाही. पडद्यावर आकडा आला पंधरा वॅट. बाबांनी पेन्सिल मागितली. "पंधरा गुणिले आठ तास, एकशेवीस. तीन रात्री, तीनशेसाठ. याची क्षमता पाचशे. अरे, उरतेय की! लांबूचा फोन होतोय यात!"

"आणि सहा किलो," हे तक्ता नाचवत म्हणाले. शेवटी कुणीतरी तक्ता वाचला.

पण आता कुणाचा कुणावर विश्वास नव्हता. अर्धा तास बघायचंच ठरलं. बाईंनी दुकानात फोन करून मागणीला थोडा वेळ मागून घेतला, गाडीवाल्याला आत बोलावलं, आणि आम्ही सहा माणसं एका नारिंगी डब्याभोवती गोल करून बसलो. सामन्याचा शेवटचा चेंडू असावा तसे. सासूबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. पंचवीस मिनिटं. एकोणतीस. गाडीवाला शिंकला तर बाबा त्याच्यावर डाफरले. तीस. बत्तीस.

भात पाखडणं चालूच.

"पाठवा!" बाबा ओरडले, आणि बाईंनी बोट दाबलं.

मी घड्याळ पाहिलं. चार वाजून त्रेचाळीस मिनिटं. मौन सुटूनही तेरा मिनिटं झाली होती आणि माझ्या ध्यानातही नव्हतं. सगळे माझ्याकडे वळले, आता ही काय बोलते म्हणून.

"लांबूकाकांना फोन लावा," मी म्हटलं.

बाबांनी लावला. पलीकडून 'हॅलो'सुद्धा पुरतं होऊ दिलं नाही. "ऐक. खिडकीखालची जागा रिकामी ठेव. हो, मीच! आणि चार्जर तेवढा आण, फोन मी भरून देतो तुला."