अठरा फुटी तुळई आणि दाजींची मिशी

वाचकहो, एका चिंचोळ्या जागेतील जुन्या दुकानास नवे बळ कसे प्राप्त झाले, व त्या कार्यी एका मिशीचा त्याग कसा करावा लागला, तो वृत्तांत आता यथामती कथन करण्यात येत आहे.

इमारत दुमजली होती. खाली पुस्तकबांधणीचे दुकान, वर कागदांच्या थप्प्या, आणि दोहोंमध्ये वाळवीने पोखरलेली लाकडी तुळई. ती मधोमध इतकी झुकली होती की, मालक बाइंडरांकडून तिच्याखालून जाताना आपोआप नमस्कार घडे. शनिवारी नगरपालिकेचे इंजिनियर येणार होते. तोवर तुळई न बदलल्यास इमारतीस कुलूप, अशी नोटीस दारावरच डकवलेली होती.

शुक्रवारी लोखंडी तुळई आली आणि गल्लीच्या तोंडाशीच अडली. तुळई अठरा फूट, गल्ली जेमतेम सहा. दारात वळणार कशी?

"तोडून जोडू या," बाइंडर म्हणाले.

"इंजिनियरला जोड चालत नाही, मालक," गवंडी म्हणाला. यास सारे ओळंबा मिस्त्री म्हणत.

"मग क्रेन आण."

"क्रेन आणली तर तुळईचे पैसे उरत नाहीत. मग क्रेन उचलणार काय, तुम्हाला?"

एकच मार्ग उरला. शेजारी कोपऱ्यावर एक केशकर्तनालय होते व त्याचे दार हमरस्त्यावर उघडत असे. मधल्या भिंतीस भोक पाडल्यास तुळई तिकडून सरळ आत येणार होती. परंतु केशकर्तनालयाचा मालक म्हणजे बाइंडरांचा सख्खा मेव्हणा. सात वर्षांपूर्वी त्याने दाजींची मिशी डावीकडे आखूड केली, तेव्हापासून उभयतांत अबोला. बाइंडर आपली मिशी कागदाच्या कात्रीने स्वतःच कापीत. ती कशी दिसे, हे लिहिण्यास लेखणी धजत नाही.

बाइंडरांची पत्नी भावाकडे गेली. "दादा, भिंत फोडू देतोस का?"

"खुशाल फोडा. पण आधी दाजींनी माझ्या खुर्चीत बसायचं."

"मान कापली तरी बसणार नाही!" भिंतीपलीकडून बाइंडर गरजले.

"मान राहू द्या तुमच्याकडेच. मिशीवर भागेल!"

"अहो," पत्नी म्हणाली, "मिशी पुन्हा उगवते. इमारत उगवते का?"

बाइंडरांनी वर पाहिले. तुळईतून चिमूटभर भुसा त्यांच्या नाकावर पडला. ते मुकाट्याने उठले व खुर्चीत जाऊन बसले.

वेळ थोडा, म्हणून दोन्ही कामे एकदमच सुरू झाली. गवंड्याने भिंतीस भोक पाडले व चौघा हमालांनी तुळई आत सरकवली. ती खुर्चीच्या दोन्ही हातांवरून, बाइंडरांच्या पोटासमोरून पुढे गेली आणि भिंतीस थडकली. भोक चार बोटे खाली पडले होते. चूक गवंड्याची होती, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करणे प्राप्त आहे.

"दाजी, उठू नका," मेव्हणा म्हणाला.

"उठू कसा, शहाण्या?"

गवंडी भोक वाढवू लागला. मेव्हण्याने साबण फेसला, वस्तरा उचलला आणि तो थबकला.

"त्या दिवशी हात थरथरत होता, दाजी. दुकानाचा पहिला दिवस, पहिलं गिऱ्हाईक तुम्ही."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोलू दिलंत कुठं? अर्ध्या फेसासकट निघून गेलात!"

बाइंडरांनी आरशातील आपली वाकडी मिशी निरखली.

"डावं-उजवं जुळवत बसू नकोस," ते अखेर म्हणाले. "सगळीच काढ."

तासाभराने तुळई पलीकडे गेली व दाजी मोकळे झाले. "अगं बाई, हे पाहुणे कोण?" पत्नीने विचारले, आणि मेव्हण्याच्या आधी बाइंडरच हसले.

शनिवारी इंजिनियरांनी तुळई ठोकून पाहिली, मान डोलावली व स्वहस्ते नोटीस फाडली. ते जाताच गवंडी भोक बुजवण्यास विटा घेऊन आला.

"थांब रे," बाइंडर म्हणाले. "विटा महाग झाल्यात. खिडकीएवढं राहू दे तसंच."

कोपऱ्यात चाळीस विटा शिल्लक पडल्या होत्या. त्या सर्वांनी पाहिल्या, पण कोणी अक्षर काढले नाही.

येथवर वाचण्याचे कष्ट घेतलेत, त्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार. भोक चार बोटे खाली पाडणारा, आपला नम्र, ओळंबा मिस्त्री.