झिजलेली डावी टाच

मित्रांनो, मी एका पोलिसाच्या बुटांचा जुना जोड आहे. माझी डावी टाच उजवीपेक्षा दोन मिलिमीटर जास्त झिजली आहे. ती का झिजली, ते सांगतो.

माझे चामडे फेस नावाच्या या जुन्या शहरातच कमावले गेले. चुन्याच्या हौदात मी कित्येक दिवस भिजलो. मग एका मोच्याने मला दुहेरी शिलाई घातली आणि मी अय्यादच्या पायांत आलो. अय्याद पोलिसात नवा होता, सपाट माळावरच्या गावातला. तिथे दोन कोसांवरचा माणूस दिसतो. इथल्या अरुंद बोळांत समोरून ओझे लादलेले खेचर आले, तर भिंतीला पाठ चिकटवून उभे राहावे लागते.

पहिल्या आठवड्यात आम्ही रोज हरवलो. उंच भिंतींमध्ये फोनच्या नकाशावरचा ठिपका या छतावरून त्या छतावर उड्या मारायचा. एकदा त्या ठिपक्यामागे चालत अय्याद थेट एका घराच्या चौकात शिरला. तिथे बायका मटार सोलत होत्या.

"जेवायला आलास होय रे? मग हात धू आधी!" एक आजी म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

ही गोष्ट त्याच्याआधी चौकीवर पोचली. चौकीचे प्रमुख लहबाबीसाहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत तुझा भाग तुला कळला नाही, तर वेशीवर उभा करीन. बसगाड्या लावत बस!"

 त्या दिवसापासून काम संपले, की फोन खिशात टाकून अय्याद पुन्हा चालू लागला. कुणी उंबरा धुतला, की पाणी कुठे वाहते ते पाहायचा. पाणी नदीकडे जायचे. उतार मी त्याच्या तळव्याला कळवायचो. डावा पाय खाली, म्हणजे नदी डावीकडे. त्याच्या गस्तीची वाट बहुतेक अशीच होती, म्हणून माझी डावी टाच जास्त झिजली.

गुरुवारी सकाळी नळाजवळ एक म्हातारा बसलेला दिसला. मांडीवर लाकडी फळी, फळीवर कापडाखाली कच्च्या रोट्या. इथे पीठ घरी मळतात आणि रोट्या आळीच्या भट्टीत भाजून आणतात.

"आजोबा, घर कुठं तुमचं?"

"रहमा आहे तिथं."

"आणि रहमा कुठं आहे?"

"घरी! एवढंही कळत नाही? म्हणे पोलीस!"

पीठ फुगून फळीच्या कडेवरून ओघळले होते. म्हणजे तो बराच वेळ भटकत होता. ओठ कोरडे पडले होते आणि ऊन चढत होते. अय्यादने त्याला पाणी पाजले. मग त्याचे लक्ष रोट्यांकडे गेले. भट्टीत अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी असते. या रोट्यांवर काट्याने तीन टोचे मारले होते.

अय्याद म्हाताऱ्याचा हात धरून खालच्या भट्टीवर गेला.

"आमच्याकडची नाही ही खूण," भट्टीवाला म्हणाला. "वर बुश्ताकाकांकडे विचारा."

वर म्हणजे उताराच्या उलट. अय्यादने फोन काढला नाही. नदी पाठीशी ठेवून तो चढू लागला. दोन वळणांवर थबकला, टाच दाबून पाहिली आणि पुढे निघाला. तिसऱ्या वळणावर भाजल्या रोटीचा वास आला.

"अहो, ही तर रहमाची फळी!" बुश्ताकाका ओरडले. "सकाळपासून वाट बघतोय तिची. मागच्या बोळात, निळं दार."

दारात एक बाई अनवाणी उभी होती. तिने आधी नवऱ्याचा हात घट्ट धरला, मग फळीकडे पाहिले.

"इतकं फिरलात आणि रोट्या कच्च्याच?" असे म्हणून ती रडू लागली.

शुक्रवारी वेशीवर दुसरा शिपाई गेला.

मित्रांनो, त्या वाटेवर मी सात वर्षे चाललो. तीनदा माझे तळ बदलले. मग नवे बूट आले आणि मी भिंतीवरच्या फळीवर गेलो. धूळ साचली, चामड्याला भेगा पडू लागल्या. चामडे तेलावाचून तडकते. तेव्हा तुमच्या जुन्या बुटांना अधूनमधून दोन थेंब तेल द्या. ते तुमच्या चुकलेल्या वाटांवरही चालले आहेत.

काल अय्यादच्या बदलीचा हुकूम आला. शहर नवे, गल्ल्या नव्या. संध्याकाळी त्याने मला खाली काढले, तेल चोळले आणि माझ्यात पाय घातले.

"चल," तो म्हणाला, "पुन्हा हरवून येऊ."