पिऊन आलाय

बुद्धभूषण तांबे यांना सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टँकरबद्दल बोलायचं होतं. ते उठले की लोक मोबाइल खाली ठेवून ऐकायचे. भीमजयंतीच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन ते कित्येक वर्षं करत होते. त्या रविवारी मात्र ते उठले आणि तोंडातून नुसते जडशीळ आवाज बाहेर पडले. हातातला माइक निसटला. उजवा पाय लटपटला.

मागून कुणीतरी हसलं. "सुबह सुबह लगा के आये क्या?"

"काल यांच्या लोकांचा कसला तरी प्रोग्राम होता ना," सेक्रेटरी जितेंद्र म्हणाला. "चालायचंच. बाहेर बसवा, उतरेल."

त्यांना गेटजवळच्या खुर्चीत बसवलं आणि सभा पुढे सुरू झाली.

त्यांची बायको संघप्रिया केबिन रोडवर ब्लाउज शिवायच्या दुकानात कामाला होती. लग्नसराईत रविवारचीही सुट्टी नव्हती. मुलगी आजोळी गेलेली, आणि संघप्रियाला कुणी फोन केला नाही. संध्याकाळी ती गेटमधून आत आली, तर नवरा खुर्चीत एका बाजूला कललेला, ओठाचा उजवा कोपरा लोंबलेला, शर्टावर लाळ. तिला बघून त्यांचे डोळे भरून आले. शब्द मात्र आला नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, "शेवटचे ठीक कधी होते?"

तिला माहीत नव्हतं. तिने जितेंद्रला फोन लावला.

"सकाळी अकराच्या सुमारास जरा गडबडले होते, वहिनी. आम्ही डिस्टर्ब नाही केलं."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते म्हणाले. "तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं. यातलं एक जरी अचानक दिसलं तरी पेशंटला उचलून आणायचं. वाट बघायची नाही."

"वाट बघितली ना त्यांनी," संघप्रिया म्हणाली. "दारू उतरायची!"

लग्नाच्या आधीपासून पंचशील पाळणारा माणूस. बिअरच्या बाटलीलाही कधी हात न लावलेला.

बुद्धभूषण घरी आले ते एकच शब्द घेऊन. पाणी हवं असलं तरी "हरामखोर", पंखा लावायचा असला तरी "हरामखोर". मुलगी रसिका जवळ आली की तिच्या डोक्यावर मायेने हात ठेवायचे, तोच शब्द निघायचा आणि ते लाजेने मान फिरवायचे. बोलण्याचा सराव घ्यायला येणाऱ्या उर्मिला मॅडमनी समजावलं, "शिव्या बऱ्याचदा आपोआप तोंडून येतात, म्हणून त्या शिल्लक राहतात. त्यांना म्हणायचं असतं दुसरंच. तुमचं बोलणं त्यांना कळतंय."

पंधरवड्याने जितेंद्र शहाळी घेऊन आला. बुद्धभूषण समोर बसलेले असताना त्याने संघप्रियाला विचारलं, "माणूस ओळखतात का हे?"

"त्यांनाच विचारा."

बहिऱ्याशी बोलावं तसा तो वाकून ओरडला, "काय तांबे! बरे होणार बरं का!" मग तिच्याकडे वळला. "वहिनी, कुणाचा वाईट हेतू नव्हता. आम्हाला वाटलं, पिऊन आलेत."

"तोंडाचा वास घेतला होता कुणी?"

"आता तसं..."

"तुमचे वडील असे लटपटले असते तर?"

"त्यांना आम्ही लगेच हॉस्पि..." तो मध्येच थांबला.

"हरामखोर," बुद्धभूषण म्हणाले.

इतके दिवस या शब्दासाठी ती ज्याची त्याची माफी मागत आली होती. आज मागितली नाही. शहाळ्यांची पिशवी तिने जितेंद्रच्या हातात परत दिली आणि दार उघडून धरलं.

त्या दिवसापासून बुद्धभूषण "दा, दा" करत डावी मूठ मांडीवर आपटायला लागले. "दार? दात? दादा?" ती विचारायची. ते चिडून कप उलथून टाकायचे. मग तीही ओरडायची, "मला काय स्वप्न पडतं का?" आणि ओट्याशी जाऊन रडायची. एका दुपारी त्यांनी डावा अंगठा तोंडाकडे नेऊन पिण्याची खूण केली आणि जोरजोरात नकारार्थी मान हलवली. तेव्हा तिला कळलं. "पाणी आणि चहा नंतर शिकवा," तिने उर्मिला मॅडमना सांगितलं. "आधी हे."

पुढच्या सभेला ते काठी टेकत, पाय ओढत खाली उतरले. जितेंद्र अजेंडा वाचत होता. बुद्धभूषण उभे राहिले. संघप्रियाने आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. कपाळावर घाम आला. जबडा हलला, आवाज निघेना. पुढून कुणीतरी "बसा, बसा" म्हणालं.

"दारू," ते म्हणाले. बराच वेळ गेला. "नाही."

मागे दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" संघप्रिया कडाडली. "माणूस तुमच्यासमोर कोसळत होता, तेव्हा कुठे होते हे हात?"

टाळ्या थांबल्या. बुद्धभूषण बसले नाहीत. त्यांना आणखी बोलायचं होतं. तोंड उघडून ते पुढच्या शब्दाशी झगडत राहिले, आणि या वेळी सगळ्यांना थांबावंच लागलं.