खिडकीसमोरची खिडकी

आमच्या वसाहतीचा आराखडा काढणाऱ्याने एकच घर काढलं आणि तेच उलटंसुलटं करून ओळीत मांडून तो मोकळा झाला. त्यामुळे प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आली. मध्ये जेमतेम हातभर बोळ, आणि दोन्ही खिडक्यांखाली सिंक. भांडी घासायला उभं राहिलं की शेजारीण समोर हजर.

शिलाईकाकू आणि नर्सबाई वर्षानुवर्षं अशा समोरासमोर भांडी घासत आल्या होत्या. काकू घरीच कपडे शिवायच्या, नर्सबाई दवाखान्यातून दमून यायच्या. एक कढई घासून होईस्तोवर साऱ्या वसाहतीची खबरबात इकडची तिकडे व्हायची.

मग नर्सबाईंच्या नव्या गणवेशावरून बिनसलं.

"काकू, बाही घट्ट झालीये. मी हात वर केला की आता फाटेल म्हणून पेशंटच श्वास रोखून बसतो."

"बाही मापानेच शिवलीय," काकू म्हणाल्या. "माप घेतल्यानंतर तुमच्यात काय वाढलं, ते माझ्या टेपला काय ठाऊक?"

नर्सबाईंनी नळ बंद केला आणि बोलणंही.

अबोला धरायचा तर समोरचं माणूस नजरेआड हवं. इथे दोघींची नाकं बोळाच्या दोन काठांवर. काकूंनी दुपारची भांडी संध्याकाळी घासायचं ठरवलं. नर्सबाईंनाही नेमकं तेच सुचलं. काकूंनी पडदा लावला, तर अंधारात चांगली बरणी हातातून निसटून फुटली आणि पलीकडून समाधानाने खाकरल्याचा आवाज आला.

शेवटी काकूंच्या नवऱ्याने, म्हणजे कंडक्टरकाकांनी, तोडगा काढला. "टोकाच्या घरातल्या घड्याळजींच्या खिडकीसमोर पाण्याच्या टाकीची भिंत आहे. एकटा जीव, कंटाळलाय बिचारा. आपण घरांची अदलाबदल करू. नाहीतरी सगळी घरं सारखीच."

घरं भाड्याची होती आणि मालकाला कोण कुठे राहतं याच्याशी देणंघेणं नव्हतं. एका सकाळीत सामान हललं. कपाट जुन्या जागी बसावं तसं बसलं, कॅलेंडरसाठी भिंतीत खिळासुद्धा तयार होता. "बघ, घर बदलल्यासारखं वाटतंय का?" काका खूश होते.

जेवणं झाल्यावर काकू सिंकपाशी उभ्या राहिल्या. समोर टाकीची भिंत. भांडी झटपट घासून झाली. काकूंनी ती पुन्हा एकदा घासली, तरी वेळ उरला.

तेव्हापासून नर्सबाईंच्या वाट्याचं सगळं बोलणं काकांच्या वाट्याला आलं. दिवसभर बसमध्ये माणसांचा कलकलाट ऐकून आलेले काका ताटावर मान घालून बसायचे. काकू विचारायच्या, "मी काय म्हणाले?" काकांना उत्तर कधीच यायचं नाही.

एका संध्याकाळी दारात नर्सबाई उभ्या. हातात तोच गणवेश.

"बाही सैल करून मिळेल का?"

"मिळेल की." काकूंनी टेप काढली, माप घेतलं, आणि मापाचा आकडा मोठ्याने म्हणायचा मोह आवरला. त्यांच्या दृष्टीने ही माफीच होती. "नवे शेजारी कसे आहेत?"

"घड्याळाच्या स्प्रिंगवर बोलतात. रोज. स्प्रिंग एवढी लांब असते हे मला माहीत नव्हतं. काकू, परत या हो तिकडे."

दोघी तडक घड्याळजींकडे गेल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आयुष्यभर भिंतीसमोर भांडी घासली मी. आता समोरून कोणी 'हो का?' म्हणतं. हे घर मी सोडायचा नाही."

मग काकूंनीच मार्ग शोधला. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी खरकटी भांडी टोपलीत भरली, टोपली कमरेवर घेतली आणि ओळीतली सगळी सारखी दारं ओलांडत नर्सबाईंच्या सिंकपाशी जाऊन उभ्या राहिल्या. समोरच्या खिडकीत घड्याळजी साबण लावून तयारच होते.

आता हे रोजचंच झालंय. टोपली जाते वेळेवर, पण परत यायची शुद्ध कोणालाच नसते. परवा काका कामावरून आले, तर घरात पाणी प्यायला एक पेला नाही. ते निमूटपणे ओळ चालत नर्सबाईंकडे गेले. आत तिघांच्या गप्पा रंगलेल्या.

"पेला देता का?" त्यांनी दारातून विचारलं.

"थांबा, घासतेय," काकू म्हणाल्या. "मी आत्ता काय सांगत होते?"

"स्प्रिंग," खिडकीपलीकडून घड्याळजींनी आठवण करून दिली.