पांढऱ्या रुईचा चीक

राहीबाईनं रुईचं पान देठाजवळ मोडलं आणि खाली पितळेची लहान वाटी धरली. चीक थेंबाथेंबानं वाटीत उतरू लागला. मध्येच तिचा हात थबकला. लहानपणी रुईला हात लागला की आई तिला ओढत आडावर न्यायची, राखेनं बोटं घासून घ्यायची आणि डोळ्याला हात लावू नको म्हणून पुन्हापुन्हा बजावायची. पण तेव्हा डोळे यायचे ते नुसते चिकटायचे. असे रक्तानं भरायचे नाहीत.

बांधावर तिचा भाऊ भिमाजी उभा होता. साखर कारखान्यावर कामाला असल्यानं चार गावच्या बातम्या आधी त्याच्या कानावर यायच्या.

"बास झालं, अक्का. एकेक थेंबच घालायचाय."

"तू सोता बघितलंस ना कुनाला बरं झालेलं?"

"आमच्या पाळीतल्या गड्यानं घातला. लालभडक हुते डोळे. चार-सा दिसांत कामावर आला. आन् म्हमईचा एकजन कायबी न घालता तसाच बसला, तर तिसऱ्या दिशी बुबुळ फुटलं त्याचं."

"त्याला बघितलंस?"

"त्याला कोन बघायला जाईल? नजरेनं लागतं ह्ये."

एकाहत्तर सालचा तो श्रावण होता. मुंबईहून आलेली डोळ्यांची ही साथ रेल्वेनं उतरल्यासारखी एकेका स्टेशनाच्या गावात शिरत पुणतांब्यापर्यंत पोचली होती. रात्री निजलेला माणूस सकाळी उठायचा तो पापण्या सुजलेल्या आणि पांढऱ्या जागी नुसतं रक्त. असला आजार जुन्या माणसांनीही पाहिला नव्हता. कुणी म्हणे, बंगालकडच्या लढाईचा धूर वाऱ्यानं इकडं आला. कुणी म्हणे, माणसं चंद्रावर जाऊन माती घेऊन आली, त्यातनं हे निघालं. माणसं एकमेकांशी तोंड फिरवून बोलू लागली होती. गोदावरीच्या घाटावर एकानं पाणी भरलं की तो लांब जाईपर्यंत दुसरा खाली उतरत नव्हता.

दवाखान्यातल्या नर्सबाईनं मात्र फार काही सांगितलं नव्हतं. उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळे धुवा, पुसायचं फडकं वेगळं ठेवा, आपोआप जाईल. डोळ्यांत घालायचे थेंब संपले होते. राहीबाईला ते बोलणं पटलं नव्हतं. एवढ्या रक्ताला नुसतं पाणी?

"औषध सरलंय म्हनून तसं सांगत्यात," भिमाजी म्हणाला होता. तिलाही तेच वाटलं होतं.

पुष्पावती पडवीत गोधडीवर पडली होती. सून म्हणून या घरात येऊन तिला दोन वर्षं होत आली होती. पावलांचा आवाज ऐकून ती उठून बसली.

"आत्याबाई, कालच्यापरीस आज बरं वाटतंय. उजेड सोसतोय."

"आधी तसंच वाटतं म्हनं. मंग एकाएकी जातं."

राहीबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळावरचे केस मागं सारले आणि अंगठ्यानं उजवी पापणी उघडली. थेंब पडला. पुष्पावती ओरडली नाही. तिच्या टाचा गोधडीवर घासत राहिल्या, आणि राहीबाई दुसऱ्या डोळ्याकडं वळायच्या आत तिनं तो तळहातानं झाकून घेतला. भिंतीकडं तोंड करून ती जी वळली ती काही केल्या सरळ होईना.

"अगं, तुझ्याच भल्याचं हाय," राहीबाई चिडून म्हणाली. मग वाटी बाजूला ठेवून तिची पाठ चोळत बसली.

दुसऱ्या दिवशी उजव्या बुबुळावर दुधावर साय धरावी तसं पांढरं आलं. मग पू धरला. राहीबाईच्या लेकानं, सूर्यभाननं, बायकोला बैलगाडीत घालून स्टेशनवर नेलं आणि तिथून रेल्वेनं नगरच्या मोठ्या दवाखान्यात.

घरात राहीबाई एकटी राहिली, आणि दोन दिवसांत तिचेही डोळे आले. तसेच लाल. भिमाजीनं निरोप धाडला की वेळ घालवू नको. ती बांधापर्यंत गेलीसुद्धा. पण रुईच्या झाडापुढं उभी राहिली आणि तिचा हात पुढं होईना. ती परत फिरली. चुलीवर पाणी उकळलं, गार केलं, धुतले डोळे. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून धूत राहिली. हळूहळू लाली उतरली, चिकटा थांबला, आणि एका सकाळी अंगणात उभी राहून ती सूर्याच्या उजेडात डोळे न मिटता समोरचा ऊस बघू शकली.

ती तिथंच खाली बसली. चुलीवर ठेवलेलं दूध उतू जाऊन करपल्याचा वास आला, तरी उठली नाही.

दुपारी तिनं कुदळ घेऊन बांधावरची रुई मुळासकट खणून काढली. शेजारची गोजरबाई वाटेनं चालली होती. ती लांबूनच, मान वळवून म्हणाली,

"आगं, ती कशापायी खनतीस? औषधाची हाय. पुष्पाचा डोळा गेला तवापासनं सगळं गाव रुई हुडकतंय."

राहीबाईनं मुळावर पुन्हा कुदळ मारली. सुनेचा डोळा गेला एवढंच गावाला ठाऊक होतं. कशानं गेला हे कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं.

सूर्यभानला पाटाच्या पाण्याच्या पाळीसाठी परत यावं लागलं, तेव्हा सुनेला घरी आणायला राहीबाई नगरला गेली. डोळा वाचला नव्हता. नुसता जागेवर राहिला होता, फूल पडलेला.

"उसाचं पान लागलं म्हणतात ह्या," निघताना डॉक्टर राहीबाईला म्हणाले. "पानानं असं होत नाही. खरंच दुसरं काही घातलं नव्हतं?"

पुष्पावती पदर नीट करत होती. "पानच लागलं," ती म्हणाली. राहीबाईनं गाठोड्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

गाडीत दोघी शेजारीशेजारी बसल्या. पुष्पावतीनं उजव्या बाजूनं पदर पुढं ओढून घेतला होता. श्रीरामपूरला डबा भरला. समोरच्या बाकावर एक धिप्पाड म्हातारी मांडीवर नात घेऊन बसली. पोरगी दोन-अडीच वर्षांची होती, तिचे डोळे सुजून लाल झाले होते. शेजारचे दोघे उठून दाराशी जाऊन उभे राहिले.

"जाऊ द्या," म्हातारी कुणाकडंही न बघता म्हणाली. "मी चितळीची छबूबाई. मला कशाचं भ्या न्हाई. आता घरी गेलं की हिच्या डोळ्यात रुईचा चीक घालनार. उशीर करून भागत न्हाई. पुनतांब्याला एका सुनेचा डोळा गेला की. सासूनं कंटाळा केला. चीक घालाया उशीर लावला, मंग फुटलं बुबुळ."

राहीबाईच्या शेजारी पदर हलला नाही. गाडी पुलावरून गेली. पूल सरेपर्यंत राहीबाई आपल्या हातांकडं बघत होती.

"उशीर न्हाई लावला," ती म्हणाली.

"आँ?"

"ती सासू मीच. ही माझी सून. येळेवर घातला चीक. उलट हिला बरं वाटत हुतं तवा घातला. डोळा रोगानं न्हाई गेला, चिकानं गेला. माझ्या हातानं."

बिडी ओढणाऱ्या एका माणसानं बिडी खाली केली. छबूबाईनं राहीबाईकडं बघितलं. बघण्यात राग नव्हता, होती ती कीवच.

"कोनत्या रुईचा घातला? पांढऱ्या का जांभळ्या?"

राहीबाईला आधी प्रश्नच कळला नाही. "जांभळ्या," ती म्हणाली.

"तरीच," छबूबाई मान हलवत म्हणाली. "पांढऱ्याचा घालाया पायजे हुता. जांभळी उष्ण असती. तुमाला कुनी नीट सांगितलं न्हाई, बाई. तुमचा काय दोस?"

दाराशी उभ्या असलेल्या दोघांनी माना डोलावल्या. बिडीवाल्यानं पुन्हा झुरका घेतला.

"आवो, मला सोताला आला हुता ह्यो रोग," राहीबाईचा आवाज चढला. "कायबी घातलं न्हाई मी. नुसतं पानी. बरी झाले."

"म्हाताऱ्या डोळ्याला ह्ये येवढं धरत न्हाई. लेकराचं तसं नसतं. आमच्या घरामागं पांढरीच हाय."

पुष्पावतीनं पदर मागं सारला.

"आजी," ती म्हणाली, "हिकडं बघा."

छबूबाईनं चटकन नातीचं तोंड आपल्या छातीशी दाबलं आणि स्वतः खिडकीकडं वळली. दाराशी उभे असलेले दोघेही बाहेर बघू लागले.

"पदर घे बाई, पदर घे. नजरेनं लागतं."

पुष्पावतीनं पदर घेतला नाही. ती तशीच बसून राहिली, पण तिच्याकडं बघायला कुणी वळलं नाही. छातीशी दाबलेली पोरगी गुदमरून कण्हू लागली, तेव्हा म्हातारीनं हात सैल केला आणि अंगठ्यानं तिच्या डोळ्याचा चिकटा हळूच पुसला. अगदी मायेनं पुसला.

गाडीचा वेग उतरला. चितळी. पुढचं स्टेशन त्यांचं होतं, तिथं सूर्यभान बैलगाडी जुंपून उभा असणार. राहीबाईनं सुनेकडं वळून सांगायला तोंड उघडलं, की तू पुढं जा, मी उतरते हितं. पण पुष्पावती उठली होती. गाठोडं काखेला मारून ती दाराकडं चालली होती, आणि दाराशी असलेली माणसं तिला वाट देत मागं सरत होती.

एका डोळ्यानं तिला पायरीचा अंदाज येईना. तिनं दांडा धरला, पाय हवेत चाचपडला, मग खालच्या पायरीला लागला. फलाटावर उतरून तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि वर दोन्ही हात केले. मागून येणाऱ्या छबूबाईला एका हातात पिशवी आणि कडेवर पोर घेऊन उतरता येत नव्हतं. तिनं क्षणभर इकडंतिकडं बघितलं आणि तोंड फिरवून पोर खाली दिली.

राहीबाई सगळ्यांत शेवटी उतरली. शिटी झाली, गाडी हलली.

"आगं, तुमचं गाव फुडं हाय," छबूबाई म्हणाली.

"हाय," पुष्पावती म्हणाली. पोरीचं डोकं तिनं आपल्या डाव्या खांद्याला लावून घेतलं होतं. "घर कुनीकडं तुमचं?"